बर्फातली जुनी ट्राम: बाबांना जानेवारीत कुठे बसवू?

नायगावचा_पक्या:

मंडळी, प्रश्न थोडा विचित्र आहे, पण इथल्या रेल्वेवेड्यांनाच विचारण्यासारखा आहे.

मी टोरोंटोत तीन वर्षं आहे. बाबा जानेवारीत येताहेत. वय सत्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. नायगरा नको, सीएन टॉवर नको. एकच मागणी: "जुनी ट्राम, आणि बर्फ पडत असताना."

यामागे एक पोस्टकार्ड आहे. आमच्या चाळीतले शेजारी १९७१ साली टोरोंटोला गेले आणि तिथून त्यांनी आजोबांना कार्ड पाठवलं. लाल-पिवळसर गोलटोक्याची ट्राम, छतावर बर्फ, पुढे दिवा, आणि रस्ता इतका पांढरा की रूळ दिसतच नाहीत. ते कार्ड पुढे वीसेक वर्षं आमच्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं होतं. त्याच्या सात वर्षं आधी, ३१ मार्च १९६४ ला, मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. बाबा तेव्हा सोळाचे. दादरला खोदादाद सर्कलपाशी मित्रांबरोबर रात्री जाऊन उभे राहिले, पण गर्दी अशी की दांडीला हातही लागला नाही. हे मी किमान शंभर वेळा ऐकलंय. मग कार्ड आल्यावर आजोबा म्हणाले म्हणे, "आपली नुसत्या उन्हात चालेना, त्यांची बघ, बर्फात चालते." तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते बसलंय.

इथे आता सगळ्या लांबलचक नव्या ट्राम. गरम, खाली पायरी नाही, बाबांच्या गुडघ्यांना उत्तम. पण ते कार्डातली मागतात. कुठे मिळेल? म्युझियममध्ये उभी केलेली नको, चालती हवी. १९५० च्या आसपासची असली तरी चालेल.


क्वीनस्ट्रीटची_मावशी:

अरे पक्या, आधी वाईट बातमी. टोरोंटोत जानेवारीत जुनी ट्राम मिळणार नाही. दोन पीसीसी (कार्डातली गोलटोक्याची ती हीच जात) आणि एक त्याहून जुन्या जातीची पीटर विट जपून ठेवल्यात, त्या उन्हाळ्यात रविवारी लेक ऑन्टॅरिओच्या बाजूला फिरवायच्या, ईस्टरच्या मिरवणुकीत दिसायच्या. भर थंडीत सहसा काढत नाहीत, आणि बरोबरच आहे. रस्त्यावर जे मीठ टाकतात ते खालून पत्रा खाऊन टाकतं. हॉल्टन काउंटीचं ट्रामचं म्युझियम रॉकवूडजवळ आहे, तिथे खरंच चालवतात, रूळही टोरोंटोच्याच मापाचे, १४९५ मिलिमीटर (जगात बहुतेक ठिकाणी १४३५, इथलं साठ मिलिमीटर जास्त, का ते विचारलंस तर चार जण चार गोष्टी सांगतील). पण त्यांचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा.

आता पोस्टकार्डाबद्दल. तुझ्या बाबांना हे सांग, त्यांना बरं वाटेल किंवा वाईट. १९७१ साली ती ट्राम इथे फाशीच्या रांगेतच होती. १९८० पर्यंत सगळ्या ट्राम बंद करून बस आणायच्या असं ठरून गेलेलं होतं. १९७२ मध्ये लोकांनी समिती काढली, आकडे मांडले, नगरसेवक फिरवले, आणि त्या नोव्हेंबरात निर्णय फिरला. म्हणजे आजोबांनी ज्या ट्रामचा हेवा केला ती थोडक्यात वाचली. मुंबईसारखंच व्हायचं होतं, फक्त सोळाएक वर्षांनी.

मी १९८६ ला आले. रात्रपाळीची नर्स होते, पहाटे घरी जायचे. तेव्हा रस्त्यावर अजून पीसीसी होत्या, त्या १९९५ पर्यंत रोजच्या सेवेत राहिल्या. थंडीतली माझी आठवण म्हणजे नजारा नाही, ऊब. त्या गाडीत वेग वाढवायला-कमी करायला जे विजेचे रोधक असतात ते तापतात, आणि ती गरम हवा पंख्याने आत सोडलेली असायची. ब्रेक जास्त लावले की गाडी जास्त गरम. गर्दीच्या वेळेत तर पाय भाजायचे. मोजे वाळवायचे मी त्यावर, खरंच सांगते, पहाटे साडेसहाला कोण बघतंय. त्याहून जुन्या पीटर विटमध्ये गाडीच्या मध्यावर कोळशाची शेगडी असायची. आजच्या सुरक्षेवाल्यांना सांगितलंस तर चक्कर येईल.

लोक म्हणतात जुनी ती मजबूत. अर्धं खरं. १९४५ नंतर बांधलेल्या बहुतेक पीसीसीत ब्रेकलाही दाबलेली हवा वापरत नाहीत, सगळं विजेवर आणि स्प्रिंगवर. त्यांच्या जागी १९७९ पासून ज्या गाड्या आल्या त्यांच्यात मात्र ब्रेक आणि दारं हवेवर, आणि हवेच्या नळीत ओल साचली की ती गोठते. २०१७-१८ च्या कडाक्यात म्हणून बऱ्याच गाड्या डेपोत खोळंबल्या होत्या. त्याही २०१९ च्या डिसेंबरात संपल्या. म्हणजे नात्यात आजी नातीपेक्षा थंडीला पक्की निघाली. नुसतं म्हणून ठेवते, पुढे काही काढू नकोस त्यातून.

बर्फापेक्षा वाईट काय, तर गोठता पाऊस. तारेवर काच चढते. मग ट्रामच्या वरच्या दांड्याला वीज मिळत नाही, निळ्या ठिणग्या उडतात, आतले दिवे लुकलुकतात. अशा रात्री इथे रिकाम्या ट्राम रात्रभर चालू ठेवतात, प्रवासी नाही काही नाही, नुसत्या फिरत राहायच्या, तारेवर बर्फ बसू नये म्हणून. तारेला आणि सांध्यांना गोठण-विरोधी औषधही लावतात. मी पहाटे त्या बघायचे: सगळं शहर झोपलेलं, दिवे लावून रिकामी ट्राम चाललेली. २०१३ च्या डिसेंबरात हेही पुरलं नाही, झाडं तारांवर पडली, ट्राम बंद.

आणि पुढे जाऊ न देणारं खरं कारण सांगू? मोटारवाले. फुटपाथला बर्फाचा ढीग, म्हणून पठ्ठ्या गाडी बाहेर काढून लावतो, मागचा भाग रुळाजवळ. ट्राम वळून जाऊ शकत नाही ना. एकदा क्वीन स्ट्रीटवर एका बाईनं कॉफी प्यायला गाडी लावली आणि आमच्या मागे सात ट्राम रांगेत उभ्या. चालक उतरला, काच वाजवली, आम्ही सगळे खिडकीतून तिच्या कॉफीकडे बघत.

बाबांना आणायचंच असेल तर बॉस्टनला ने. खाली बघ, कोणी तरी बॉस्टनवाला असेलच.


मिल्टनचा_मंदार:

आहे की! मावशींनी हाक मारली म्हणून आलो.

पक्या, अमेरिकेत खरीखुरी जुनी पीसीसी बर्फात, रोज, कामावर जाणाऱ्या लोकांना घेऊन चालते अशी एक जागा म्हणजे आमची बॉस्टनची मॅटापॅन लाइन. १९२९ ची लाइन, अ‍ॅशमाँट ते मॅटापॅन, आठ स्टेशनं, अडीच मैलांच्या आसपास. गाड्या १९४५-४६ च्या, इथेच जवळ वूस्टरमध्ये बांधलेल्या, नारिंगी-क्रीम रंगाच्या. म्युझियम नाही, फोटोसाठी ठेवलेली नाही. सकाळी आजोबा डब्यात वर्तमानपत्र वाचतो, पोरगं शाळेत जातं, मी ऑफिसला. मला पहिल्या आठवड्यात कळलंच नाही की ही पंच्याहत्तर वर्षांची आहे.

रेड लाइनने (इथली मेट्रो) अ‍ॅशमाँटला उतरायचं, तिथेच ट्राम गोल फिरून येते. मग ती सीडर ग्रोव्हच्या कबरस्तानातून जाते. खरंच, दोन्ही बाजूंना दगडं, झाडं, आणि बर्फ पडला असेल तर ते सगळं पांढरं. पुढे नेपोन्सेट नदीच्या कडेने. माझा सल्ला: जाताना एका बाजूला बसा, येताना दुसऱ्या. बर्फ पडलेल्या दिवशी सकाळी लवकर या, नंतर राखाडी चिखल होतो.

दोन सावधगिऱ्या. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांसाठी बहुतेक स्टेशनांवर उताराची सोय आहे, कर्मचाऱ्याला आधी सांगितलं की ते मदत करतात. दुसरं, हिमवादळ फारच झालं तर लाइन बंद करून बस लावतात. २०१५ च्या हिवाळ्यात इथे ११० इंचांच्या आसपास बर्फ पडला होता, तेव्हा सगळ्याच गाड्यांची दैना झाली. रेड लाइनच्या जुन्या डब्यांच्या मोटरी पावडरसारखा बर्फ ओढून घ्यायच्या आणि आत तो वितळला की शॉर्ट व्हायच्या. त्यामुळे आदल्या रात्री बघा आणि मग निघा.

या गाड्या जाऊन नव्या येणार असं ठरलेलं आहे. कधी, ते दरवर्षी पुढे ढकललं जातंय. बाबांना पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायला लावू नका.

(बाबांना अमेरिकेचा व्हिसा आहे ना? नाहीतर मावशींनी उगाच आशा लावली.)


परळचे_अण्णा:

बाळांनो, मी मुंबईतच आहे आणि ट्राममध्ये बसलो आहे, म्हणून दोन शब्द.

पक्याच्या आजोबांनी "नुसत्या उन्हात चालेना" म्हटलं ते बरोबर नाही. आमच्या ट्रामचं संकट ऊन नव्हतं, पाऊस. हिंदमाताला गुडघाभर पाणी भरलं की रस्त्यावर एकामागे एक ट्राम उभ्या. चालक कंट्रोलरची पितळी मूठ सोडून पायरीवर येऊन विडी ओढायचा, आम्ही शाळेला दांडी. पाणी उतरेपर्यंत कंडक्टर गप्पा मारत बसायचा. तुम्ही बर्फात रात्रभर रिकाम्या गाड्या फिरवता ऐकून गंमत वाटली, आम्ही पाण्यात भरलेल्या गाड्या उभ्या ठेवायचो.

१८७४ मध्ये घोड्यांची सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी. विजेची १९०७ ला, दोनमजली १९२० ला. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता टॅक्सीवाल्यालाही माहीत नाही. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात कारंज्याच्या दुरुस्तीत खणलं तेव्हा जुन्या रुळांचे तुकडे निघाले, मी जाऊन बघून आलो. पोलिसांनी कशासाठी उभे म्हणून विचारलं, म्हटलं ओळखीचे आहेत.

पक्या, बाबांना विचार, शेवटच्या दिवशी दादरला कोणत्या बाजूला उभे होते. मी त्या रात्री होतो. कदाचित एकाच गर्दीत ढकलाढकल केली असेल.


नायगावचा_पक्या:

मावशी, मंदार, अण्णा, काय सांगू. सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

व्हिसा आहे, बहिणीकडे न्यू जर्सीला २०१९ मध्ये आले तेव्हाचा, दहा वर्षांचा. तेवढं वाचलं.

अण्णा, बाबा म्हणाले, "किंग्ज सर्कलच्या बाजूला, पानवाल्यासमोर." आणि मग, "विचार त्यांना, शर्ट फाटलेला होता का?" म्हणजे काय ते मला समजलं नाही. तुम्हाला समजलं तर कळवा.

१९७२ ची गोष्ट ऐकून बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, "म्हणजे कार्ड आलं तेव्हा तीही जाणारच होती." आरशातलं कार्ड बाबा सोबत आणणार आहेत म्हणे, बॅगेत सांभाळून.

मंदार, तिकीट किती विचारलं. मी सांगितलं, दोन डॉलर चाळीस सेंट. रुपयात किती? सांगितलं. थोडा वेळ पलीकडून फक्त "बापरे" ऐकू येत होतं. मग: "बरं, पण मग परतीच्या फेरीतही तेवढ्यातच बसून राहू देतात का, की उतरवतात?"

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं विमान बघतोय. आईने माकडटोपी पाठवायचं आत्ताच ठरवलंय.


मिल्टनचा_मंदार:

उतरवतात की नाही ते चालकालाच विचारा. पण मॅटापॅनला उतराच, तिथे उभं राहून ती गोल फिरून येताना बघण्यासारखी असते. बर्फाची हमी माझी नाही. माकडटोपीचा फोटो मात्र इथे टाका.


परळचे_अण्णा:

शर्ट फाटलेला होता. डाव्या खांद्यावर. बाबांचा नंबर मला मेसेजमध्ये पाठव.