अनुभव धागा : राजगड ते तोरणा, डांडावरचा दिवस

राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकाला पहाटे उभं राहिलं की पश्चिमेला तोरणा दिसतो, अगदी हाकेच्या अंतरावर. अळू दरवाजातून उतरून आपण डांडाला, म्हणजे दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेला लागतो, तासन् तास चालतो, आणि भर दुपारीसुद्धा तो तेवढाच लांब दिसतो. अंतर साधारण ११-१२ किलोमीटर, वेळ ६ ते ८ तास. मी ही चाल तीनदा केली, तिन्ही वेळा थंडीत.

येत्या डिसेंबरात माझी लेक पहिल्यांदा येणार आहे. ती १७ वर्षांची आहे. म्हणून हा धागा काढते आहे. वाटेचं वर्णन नको, ते खूप ठिकाणी मिळतं. तुमचं पाणी कुठे संपलं, वाट कुठे चुकली, भीती कुठे वाटली, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. अळू दरवाजाबाहेरचा उतार मुरमाड आहे, त्यावर वाळकं गवत. पहिल्या खेपेला मी तिथे बसून घसरत उतरले, दोन्ही तळहात सोलले आणि पुढे दिवसभर त्याच हातांनी कातळ धरावा लागला. आता पाऊल आडवं टाकत उतरते. पुढचा माणूस बाजूला होईपर्यंत मागच्याने जागचं हलायचं नाही, हा आमचा नियम. सुटलेला दगड सरळ खालच्याच्या अंगावर जातो.

रानवारा

आम्ही एप्रिलमध्ये गेलो, तेही चौघं. माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं आणि ते पुरेल अशी खात्री होती. निघायलाच आठ वाजले. माची उतरेपर्यंत ऊन चढलं. डांडावर त्या दिवसांत सावली जवळपास नाही. वणव्याने गवत जळून गेलेलं, पावलागणिक काळी राख उडत होती आणि घसा कोरडा पडत होता. वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याचं गाव. डांड मध्येच ओलांडणाऱ्या वेल्हे-भूतोंडे रस्त्याच्या खिंडीत पोचलो तेव्हा चौघांत मिळून एक बाटली उरली होती.

खिंडीतून पलीकडचा चढ चढलं की धनगरांची घरं लागतात. एका घरात आजी होत्या. आम्ही पाणी मागितलं. त्यांनी आधी विचारलं, "किती जण हायसा?" मग आत जाऊन चार तांबे भरून आणले, प्रत्येकाला एकेक, आणि म्हणाल्या, "दमानं प्या, एकदम ढोसू नका." ताकही दिलं. निघताना बाटल्या भरून मागाव्यात म्हणून मी आत डोकावलो. कोपऱ्यात दोनच हंडे होते, त्यातला एक अर्धा. पाणी कुठून आणता विचारलं, तर त्यांनी खालच्या दरीकडे हात केला. सून पहाटेच जाऊन आली होती. ती पुन्हा जाणार होती ती संध्याकाळी.

मी बाटली पुढे केली नाही. ताकाचे पैसे दिले, पाण्याचे त्यांनी घेतले नाहीत. उरलेल्या वाटेत एकाला पायात गोळे आले, बोलणं तुटक झालं. तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गटाच्या तहानेचा भार त्या सासू-सुनेच्या डोक्यावर पडला, हे मला आजही सलतं. ताई, डिसेंबर असला तरी माणशी चार लिटरच्या खाली जाऊ नका. त्या घरांवर ताक जरूर प्या, पण तिथलं पाणी हिशोबात धरू नका.

सोनकी

सप्टेंबरचा अनुभव. फुलं बघायला गेलो होतो आणि फुलं खरोखर अप्रतिम होती, सगळा डांड सोनकीने पिवळा झालेला. दहाच्या सुमाराला ढग उतरलं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. गवत कमरेइतकं, त्यामुळे मळलेली वाटही दिसत नव्हती. आम्ही डावीकडची एक सोंड धरली आणि उतरत राहिलो. बराच वेळ कोणाला शंका आली नाही, कारण पायाखाली गुरांची वाट होती आणि ती चांगली रुळलेली होती. मग खालून मोटारीचा आवाज आला. हा डांड चढतो-उतरतो, पण एका दमात एवढा खाली जात नाही. आम्ही भूतोंड्याच्या बाजूला निघालो होतो. आलो त्याच वाटेने वर गेलो. त्यात दोन तास गेले.

वेल्ह्याकडचा

मी याच खोऱ्यातला. लहानपणी वडिलांबरोबर गुरं घेऊन डांडावर जायचो. वरच्या ताईंनी लिहिलेल्या वाटा गुरांच्याच आहेत, त्या चाऱ्याला जातात, तोरण्याला जात नाहीत. धुकं आलं की आमची माणसं जागेवर बसतात. ढग हलतं, थोडा वेळ तोरणा किंवा राजगड दिसतो, तेवढ्यात दिशा धरायची.

चालताना एक गोष्ट बघा. डांडावर तुमच्या उजवीकडे पडलेलं पाणी कानंदीला जातं, डावीकडचं वेळवंडीला आणि भाटघरच्या धरणात. पुढे दोन्ही नीरेलाच मिळतात. आमच्या शेताचं पाणी ते हेच.

आणि हात जोडून सांगतो, फेब्रुवारी ते मे डांडावर काडी ओढू नका. चहासाठीसुद्धा नाही. गवत गेलं की पहिल्या पावसात माती जाते, आणि गुरांना चारा उरत नाही. कड्यांवर आग्या मोहोळंही असतात. धूर गेला, कोणी अंगाला वासाचं काही फासलं किंवा आरडाओरडा केला, तर ती उठतात. तिथे पळायला जागा नाही.

माहेरवाशीण

मी एकसष्टाव्या वर्षी ही चाल केली, उलट बाजूने. वेल्ह्यात मुक्काम करून पहाटे तोरणा चढलो, कोकण दरवाजातून बुधला माचीकडे आलो. माचीचं टोक खरंच उपड्या बुधल्यासारखं, म्हणजे तेलाच्या जुन्या भांड्यासारखं दिसतं. पलीकडे लोखंडी शिडी आहे. चढायला ती सोपी असेल, मला उतरायची होती. वरून पहिली पायरी दिसत नाही, पाय हवेत चाचपडतो. माझा भाचा खाली उभा राहून माझा पाय धरून पायरीवर ठेवत होता. "मावशी, आता डावा. आता उजवा." तेवढे दोनच शब्द मी ऐकत होते. वारा एवढा होता की पदर खोचूनही उडत होता.

पुढचा डांड मला जड गेला नाही. जड गेला तो शेवटचा अळू दरवाजाचा चढ, दिवसभर चालल्यावर. तिथे मी रडले. माचीवर आल्यावर त्या दुहेरी तटाच्या मधल्या बोळात सावलीला टेकले आणि मला जाग आली ती भाच्याने मडक्यातलं दही हातात दिलं तेव्हा. गुडघे दुखणाऱ्यांनी राजगडाकडूनच निघावं, असं माझं मत आहे. शिडी चढायला मिळते आणि घसारा ताज्या पायांनी उतरता येतो.

एक पाऊलवाट

आम्ही खिंडीतून परत फिरलो. मित्राचा गुडघा सुजला होता, तो "चालतो" म्हणत होता, पण बोलताना पाय टेकत नव्हता. रस्त्यावर दीड तास बसलो, मग दुधाच्या टेम्पोने वेल्ह्याला सोडलं. खिंड ही मधली एकच सुटका आहे. तिथे बसून प्रत्येकाला विचारा, आणि उत्तराऐवजी त्याच्या पायाकडे बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवारा, तुमचा अनुभव लेकीला वाचून दाखवला. तिने लगेच बाटल्या काढून मोजल्या. पहाटे लवकर निघायचं, माणशी चार लिटर, आणि अकराच्या आत खिंड गाठली नाही तर तिथूनच वेल्हे, असं ठरलं आहे.

वेल्ह्याकडचे दादा, एक विचारायचं राहिलं. त्या धनगर घरांना डिसेंबरात खालून पाणी आणावं लागतं का? आम्ही सहा जण आहोत. त्यांच्यासाठी वर काय नेलं तर उपयोगी पडेल, तेवढं सांगा.