पडद्यामागची उलथापालथ: विज्ञानकथा मालिकेचा सीझन तरतो की बुडतो?

मेहरूणकर (जळगाव)
थेट मुद्द्यावर येतो. विज्ञानकथा मालिकेचा सीझन चालू असताना लिहिणारे हात बदलले की रहस्याचं उत्तर बदलतं, आणि उत्तर बदललं की आधीचे भाग खोटे पडतात. घरगुती मालिकेत हे खपून जातं. तिथे सून परदेशी गेली तरी वाडा तोच, सासू तीच. विज्ञानकथेत पहिल्या भागात सांगितलेला नियम शेवटपर्यंत पाळावा लागतो.

'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'चा दुसरा सीझन घ्या (२०१९, १४ भाग). सुरुवात काय झोकात! आकाशगंगेत सात लाल संकेत, एक लाल देवदूत, आणि श्रद्धा की विज्ञान हा प्रश्न. दुसऱ्याच भागात सगळ्या धर्मांची मोट बांधून जगणारी माणसांची वसाहत. जून २०१८ मध्ये काम चालू असतानाच ग्रेचन बर्ग आणि अ‍ॅरन हार्बर्ट्स या दोन्ही शोरनरना (मालिकेची सूत्रं सांभाळणारे मुख्य लेखक-निर्माते) काढलं, सूत्रं अ‍ॅलेक्स कर्ट्झमन यांच्याकडे गेली. पुढे श्रद्धेचा धागा गुपचूप बाजूला पडतो, 'कंट्रोल' नावाची बिथरलेली यंत्रबुद्धी मध्यभागी येते आणि देवदूत म्हणजे कालप्रवासाचा सूट निघतो. सांधा उघड दिसतो. माझं मत: अशा वेळी सीझन छोटा करा, पण रहस्य बदलू नका.

भुसावळ_जंक्शन
काय भो, एकाच उदाहरणावर निकाल? 'एक्स-फाइल्स' विसरलात का?

दुसऱ्या सीझनच्या वेळी, १९९४ मध्ये, जिलियन अँडरसन गरोदर होत्या. आधी नेहमीच्या युक्त्या झाल्या: लांब कोट, टेबलामागे बसवणं, छातीच्या वरच कॅमेरा. पण बाळंतपणाची सुट्टी कोटाआड लपत नाही. म्हणून त्यांचं पात्र स्कली हिचं अपहरण लिहिलं. 'डुएन बॅरी' आणि 'असेन्शन' असे दोन जोडभाग, मग एक भाग ती नाहीच, आणि 'वन ब्रेथ'मध्ये ती बेशुद्ध अवस्थेत परत. अपहरणाच्या दृश्यात फुगलेलं पोट दिसतं ना, ते त्यांचंच. रजेची सोय म्हणून आलेली ही घटना पुढे मालिकेचा कणा झाली. मानेतली चिप, कॅन्सर, मूल न होणं, सगळं तिथूनच निघालं. ठरलेल्या आराखड्यात हे नव्हतं, म्हणून ते वाईट?

लळिंग (धुळे)
भुसावळकर भाऊ, तुमचं उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. 'एक्स-फाइल्स'ला तेव्हा मुक्कामाचं गावच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे रस्ता बदलला तरी काही मोडलं नाही. कस लागतो तो शेवट आधी ठरलेल्या मालिकेत. म्हणजे 'बॅबिलॉन ५': पाच सीझन, ११० भाग, आणि पूर्ण आराखडा निर्माता-लेखक स्ट्राझिन्स्कींकडे तयार.

पहिल्या सीझननंतर नायक सिंक्लेअर झालेले मायकेल ओ'हेअर बाहेर पडले. खरं कारण मानसिक आजार होतं. ते लेखकाने त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०१२ नंतरच सांगितलं. त्यांच्या जागी शेरिडन हा नवा नायक आला. लेखकाने जवळपास प्रत्येक पात्रासाठी 'चोरदार' ठेवलेलं होतं: हा नट गेला तर त्याचं काम कोणाकडे जाईल, हे आधीच ठरलेलं. टालिया हे पात्र गेलं तर तिची वाट लायटा या दुसऱ्या पात्राकडे वळली, ती अशी. घड लागल्यावर केळीचा टेकू बदलता येतो, खोड बदलता येत नाही. इथे नायकसुद्धा टेकू ठरला.

पण किंमत बघा. सिंक्लेअरच्या आठवणीतले २४ तास गायब का, मिनबारी हे परग्रहवासी माणसांशी युद्ध जिंकत असताना शरण का आले, हे कोडं वर्षभर तापवलं होतं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात ते शेरिडनला बसल्या जागी संवादातून सांगून टाकलं. प्रेक्षकाच्या हातात उत्तर पडलं, पण ज्याचं ते कोडं होतं तो माणूसच समोर नव्हता. नंतर तिसऱ्या सीझनच्या 'वॉर विदाउट एंड'मध्ये ओ'हेअर परत आले, आणि पहिल्या सीझनच्या 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड'मधली जुनी दृश्यं नव्या दृश्यांना जोडून अर्थच फिरवला. ते काम झकास झालं. एक बाजू पडली, एक उभी राहिली.

गिरणाकाठची (पाचोरा)
सगळे नटांवर आणि शोरनरवर अडलेत. बदल *कधी* आला हे कोणी विचारतच नाही. कामाचा क्रम असा: कथेची रूपरेषा, पटकथा, पूर्वतयारी (साधारण आठवडाभर), चित्रीकरण (४२ मिनिटांच्या भागाला ७-८ दिवस), संकलन, चित्र पक्कं करणं, मग व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्य-करामत) आणि आवाज. पटकथा वाटल्यानंतर प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या रंगाच्या कागदावर येते: पांढऱ्यानंतर निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा. हा क्रम स्टुडिओनुसार थोडा बदलतो.

रूपरेषेत बदल झाला तर फक्त कागद वाया. पूर्वतयारीत झाला तर सेट आणि मुखवटे वाया. चित्रीकरणानंतर झाला तर पुन्हा शूट, किंवा नटाच्या पाठमोऱ्या दृश्यावर नवा संवाद डब करणं. व्हीएफएक्स सुरू झाल्यावर झाला तर मात्र कोणी हात लावत नाही, कारण पैसे गेलेले असतात. विज्ञानकथेची गोम हीच. परग्रहाचा सेट बांधलेला असतो, यानाचं मॉडेल तयार असतं, लेटेक्सचे चेहरे ओतलेले असतात. त्यामुळे नवा लेखक "कथेला काय हवंय" असं विचारतच नाही, "आपल्याकडे काय पडून आहे" असं विचारतो. मेहरूणकर दादांना दिसतो तो सांधा इथे पडतो.

'हीरोज'चा दुसरा सीझन हा नमुना. नोव्हेंबर २००७ मध्ये लेखकांचा संप लागला, सीझन ११ भागांवर थांबला. कथा होती विषाणूच्या साथीची. अकराव्या भागात नायक पीटरच्या हातून विषाणूची कुपी निसटून फुटते, साथ सुरू होते, पुढचे भाग त्याचे, असं ठरलेलं. पुढचे भागच नाहीत म्हटल्यावर शेवट परत चित्रित केला: पीटर कुपी हवेतच झेलतो. एक हात, एक कुपी, आणि अख्खं प्रकरण बंद.

भुसावळ_जंक्शन
वा ताई! मग तो बदल वाईट का? अर्धवट साथीपेक्षा झेललेली कुपी बरी.

गिरणाकाठची (पाचोरा)
त्या एका दृश्यापुरती बरी. पण आधीचे दहा भाग ज्या भीतीवर उभे होते ती भीती दोन सेकंदांत फुकट गेली. १९८८ च्या संपात 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चंही असंच. दुसरा सीझन २६ ऐवजी २२ भागांचा. पहिला भाग 'द चाइल्ड' म्हणजे कधीच न बनलेल्या 'फेज टू' मालिकेची जुनी पटकथा, त्यातल्या इलिया या पात्राच्या जागी ट्रॉय हे पात्र घालून. शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' म्हणजे जुन्या तुकड्यांची गोधडी, कारण आधीच्या भागांवर खर्च जास्त झालेला.

मेहरूणकर (जळगाव)
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात, ताई. आता सगळ्यात वाईट नमुना ऐका: 'डॉक्टर हू', १९८६. चौदा भागांचा एकच खटला, नायक 'डॉक्टर' आरोपी. शेवटचे दोन भाग रॉबर्ट होम्स लिहिणार होते. तेरावा लिहून झाला आणि मे १९८६ मध्ये ते वारले. पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड यांनी चौदावा लिहिला, टांगता शेवट ठेवून. निर्माते म्हणाले, टांगता शेवट ठेवला तर बीबीसीला मालिका बंद करायला आयतं निमित्त मिळेल. वाद झाला, सॉवर्ड पटकथा परत घेऊन गेले. मग पिप आणि जेन बेकर या जोडप्याला तेरावा भाग दिला आणि सांगितलं, आता शेवट लिहा. आधीचा शेवट काय होता ते मात्र कॉपीराइटमुळे त्यांना सांगता येत नव्हतं! खटल्याचा निकाल असा लिहिला गेला. वर २५ मिनिटांत मावेना म्हणून ३० मिनिटं घेतली.

लळिंग (धुळे)
हा अपघात होता, दादा. त्यावरून नियम काढू नका. उलटं उदाहरण देतो: 'द एक्स्पान्स'चा पाचवा सीझन. अ‍ॅलेक्स झालेल्या नटावर आरोप झाले, त्याला पुढे न ठेवण्याचं ठरलं, तेव्हा चित्रीकरण उरकलेलं होतं. नवं दृश्य घ्यायला नट नाही. म्हणून संकलनाच्या टेबलावरच, यानाच्या वेगवाढीच्या मारामुळे पक्षाघात होऊन अ‍ॅलेक्स मेल्याचं दाखवलं. मूळ कादंबऱ्यांत तसं मरण फ्रेड जॉन्सन या पात्राला येतं, म्हणजे जगाचा नियम मोडला नाही, मरणारा बदलला. घाई जाणवते, पण लबाडी नाही. तुमच्या "पहिल्या भागाचा नियम पाळा" या कसोटीला हे उतरतं की नाही?

मेहरूणकर (जळगाव)
नियमाला उतरतं. मनाला नाही. चार-पाच वर्षं सोबत केलेला माणूस असा दोन वाक्यांत जातो होय?

शिरपूर_फाटा
वाद रंगलाय, पण कामाचं बोला. इकडे अहिराणीत सहा भागांची विज्ञानकथा वेबमालिका करायची म्हटलं तर यातून काय घ्यायचं?

गिरणाकाठची (पाचोरा)
सहाही पटकथा पूर्ण झाल्याशिवाय सेटला खिळा ठोकू नका. चित्रीकरण भागवार नको, जागेवार करा: यानातली सहाही भागांची दृश्यं एका दमात, मग सातपुड्यातली. प्रत्येक पात्राच्या रिकाम्या चौकटी आणि पाठमोरे तुकडे घेऊन ठेवा, नट गेला तर तेच कामी येतात. आणि मे महिन्यात मुखवटे नकोत. ४५ अंशांत घामाने गोंद सुटतो, कडा उचलतात, दर तासाला पुन्हा चिकटवत बसावं लागतं. डिसेंबर-जानेवारी धरा.

लळिंग (धुळे)
आणि शेवटचा भाग सगळ्यात आधी शूट करा. पैसा संपला तरी शेवट हातात राहतो.

भुसावळ_जंक्शन
ना भाऊ, तिथेच फसाल! 'बॅबिलॉन ५'नेच ते केलं. पाचवा सीझन मिळतो की नाही ठाऊक नव्हतं म्हणून 'स्लीपिंग इन लाइट' चौथ्यातच चित्रित केला. पाचवा मिळाला, पण क्लॉडिया ख्रिश्चन सोडून गेल्या. म्हणून त्यांचं पात्र इवानोव्हा अख्खा पाचवा सीझन गायब आणि शेवटच्या भागात एकदम हजर. शेवट आधी शूट करायचाच तर त्यात दोनच पात्रं ठेवा, तीही करार सही झालेली.