अटकेची यादी नाव टाकून शोधता यायला पाहिजे का?

बर्डीवाला: भाऊ लोक, विचारायचं कमी अन् भांडायचं जास्त आहे. पोलिसांनी कोणाला पकडलं हे आपल्यासारख्याला बघायचं असलं तर सोय काय? महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जा, जिल्हा निवडा, ठाणं निवडा, तारीख टाका, तेव्हा कुठं एफआयआर दिसते. म्हणजे कोणत्या ठाण्यात कधी झालं हे आधीच माहीत असलं तरच सापडणार! मी म्हणतो सरळ नाव टाकलं की निघालं पाहिजे. आपल्या नागपुरातला वर्धा रोडवरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे, समोरचा माणूस कसा आहे हे कळायला नको का? ज्यानं काही केलंच नाही त्याले भ्यायचं काय काम?

कुमुद_धरमपेठ: काहीही काय दादा. भाडेकरूसाठी ठाण्यात व्हेरिफिकेशनला माहिती देता येते ना, ती द्या. आमच्या लेआउटमधल्या एका पोराला गणपतीच्या आधी खबरदारी म्हणून उचललं होतं, गुन्हा दाखल नाही, काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पण कोणीतरी ग्रुपवर नाव टाकलं अन् ठरलेली सोयरीक मोडली. आता त्या पोराला तुम्ही सांगणार का, भ्यायचं काय काम म्हणून?

जुना_वकील: दोघंही थोडं थांबा. अटक म्हणजे संशय, शिक्षा नव्हे, हे एक. दुसरं, यादी लावायचा नियम घरमालकांसाठी झालाच नाही. 1996 च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटक झाली की 12 तासांत कंट्रोल रूमला कळवा अन् तिथल्या बोर्डावर लावा, कारण लोक कोठडीत मरत होते अन् घरच्यांना पत्ता नसायचा. पुढं ते सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 41सी मध्ये आलं. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 37 आहे, त्यात प्रत्येक ठाण्यात एएसआयच्या (सहायक उपनिरीक्षक) खालचा नाही असा एक अधिकारी नेमायचा, अन् अटकेतल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात अन् जिल्हा मुख्यालयात ठळक दिसेल असं लावायचं, डिजिटलसुद्धा चालतं.

बर्डीवाला: घ्या! कायदाच म्हणून राहिला नाव अन् पत्ता लावा. मग मी काय वेगळं मागितलं?

जुना_वकील: लय फरक आहे बावा. बोर्डावरचा कागद चार दिवसांनी उतरतो, नावानं शोधता येणारी यादी जन्मभर राहते. अन् एकाच नावाचे पन्नास जण या शहरात निघतील, त्यातला तुमचा भाडेकरू कोणता हे कसं ठरवणार? शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पुष्कळदा अटक होतच नाही, बीएनएसएसच्याच कलम 35(3) ची हजर राहायची नोटीस देऊन बोलावतात. म्हणजे खरा चोर यादीत नसायचा अन् खबरदारीत उचललेलं पोरगं असायचं.

कामठीकर: ताई, तुमचं पटते, पण यादीच नको म्हणाल तर आमच्यासारख्यानं जावं कुठं? भाच्याला रात्री घेऊन गेले, कोणतं ठाणं कोणी सांगेना. अटक झाली की घरच्यांना कळवणं पोलिसांचंच काम आहे म्हणतात, आम्हाला कोणाचाच फोन नाही आला. पोर्टलवर आम्ही नागपूर ग्रामीण निवडून बसलो, कामठी म्हणजे ग्रामीणच वाटणार ना, अन् जुनी कामठी, नवी कामठी दोन्ही शहर आयुक्तालयात निघाली! एका ठाण्याचा बोर्ड पाहिला तर समोर जप्तीच्या गाड्यांची रांग, काच धुळीनं आंधळी, आत मागच्या महिन्याचा कागद. त्याची माय बाहेर पायरीवर बसून होती. मले तर यादी पाहिजे, अन् त्याच रात्री पाहिजे.

कुमुद_धरमपेठ: कामठीकर, ती यादी पाहिजेच, मी त्याच्या विरोधात नाहीच मुळी. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेतात ना, तर त्या काळात ठळक दिसू द्या अन् मग उतरवा. सुटला तर सुटल्याचं कोण लावते हो? पकडल्याची बातमी फोटोसकट, निर्दोष सुटल्याची ओळसुद्धा नाही.

बर्डीवाला: अन् चार वेळा चेन स्नॅचिंगमध्ये धरलेला असंल तर? त्याचंही उतरवायचं? मग आपण काय पत्रिका पाहून भाडेकरू ठेवायचा का बे?

जुना_वकील: त्याच्यासाठी ईकोर्ट्स आहे, कोर्टातल्या खटल्यांची सरकारी वेबसाइट. कोर्ट निवडून पक्षकाराचं नाव किंवा एफआयआर नंबर टाका, खटला कुठवर आला, निकाल काय लागला ते दिसते. तिथं शेवटही कळतो, म्हणून ते बघणं जास्त रास्त. पण सगळंच उघडं नसते. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाका म्हटलं, त्यातून लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असं संवेदनशील वगळलं. अन् 2023 मध्ये चार्जशीट सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकायची मागणी त्याच कोर्टानं फेटाळली.

बर्डीवाला: माझं मत काही बदललं नाही वकीलसाहेब, पण ईकोर्ट्स आज रात्री बघतो.

कामठीकर: वकीलसाहेब, भाच्याची एफआयआर पोर्टलवर दिसूनच नाही राहिली. काय करावं?

जुना_वकील: आरोपीच्या वतीनं वकील किंवा नातेवाईक ठाण्यात, नाहीतर वरिष्ठांकडं कॉपीचा अर्ज करू शकतो, त्याच 2016 च्या आदेशात 24 तासांत द्या असं आहे. संवेदनशील म्हणून नाही म्हणाले तर पोलीस आयुक्तांकडं अर्ज टाका, तीन अधिकाऱ्यांची कमिटी तीन दिवसांत बघते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.