गृहकर्जाचा अर्ज चार महिन्यांवर, सिबिल ७३१ आणि एक ‘सेटल्ड’ खातं

ताळमेळ:
५० लाखांचं गृहकर्ज घ्यायचं आहे, मुदत २० वर्षं, नवरा-बायको दोघांच्या नावावर. अर्ज चार महिन्यांनी. सिबिलचा स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) ७३१ दिसतो, एक्सपिरियन या दुसऱ्या कंपनीचा ७६४. बँक यातला कुठला धरते? रिपोर्टमध्ये २०२१ सालचं एक क्रेडिट कार्ड ‘सेटल्ड’ आहे; तेव्हा बँकेने १८,४०० रुपये सोडून दिले होते. चालू कार्डं दोन. एकाची मर्यादा २ लाख, त्यावर महिन्याला ८० हजारांच्या आसपास खर्च होतो आणि बिल पूर्ण भरलं जातं. दुसरं जुनं, मर्यादा १ लाख, वापरात नाही. ते बंद करून टाकावं का? मोटारीचा १२ हजारांचा हप्ता चालू आहे, १४ हप्ते उरलेत. ७५० च्या वर जायला आधी कशाला हात घालू?

जमाखर्च:
आधी ‘सेटल्ड’. ७३१ चे ७५० झाले तरी ती ओळ तिथेच राहिली, तर फाइल अडणार ती तिथेच. गृहकर्ज मंजूर करणारा माणूस नुसता आकडा बघत नाही, रिपोर्ट खात्यागणिक वाचतो. ‘सेटल्ड’चा त्याच्या लेखी अर्थ एवढाच, की या ग्राहकाने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने नुकसान सोसलं.

उपाय आहे. त्या बँकेला ईमेलने लिहा की सोडून दिलेली रक्कम भरायची आहे, आणि भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून सिबिलला कळवू, असं बँकेकडून लेखी मागा. पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. वसुलीवाल्याच्या फोनवरच्या शब्दाला काही किंमत नाही. पैसे बँकेच्या खात्यातच भरा आणि नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं उरलं नाही असा दाखला) घ्या. कस्टमर केअर दाद देत नसेल तर बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. एक मात्र लक्षात ठेवा, ‘क्लोज्ड’ झालं तरी त्या काळातले चुकलेले महिने रिपोर्टमधून लगेच पुसले जात नाहीत. पण ‘पैसे बुडवले’ आणि ‘उशिरा का होईना, दिले’ यात बँकेच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे.

अशी जुनी थकबाकी बँकांनी मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या) विकलेली असू शकते. मग रिपोर्टमध्ये एकच कर्ज दोन नावांनी दिसतं. तसं असेल तर नो ड्यूज त्या कंपनीकडून घ्यावं लागतं. मूळ बँक हात वर करते.

आता स्कोअर कुठला ते. कर्जदारांची माहिती ठेवून स्कोअर देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींची मोजपट्टी ३०० ते ९००, पण सूत्रं वेगळी, त्यामुळे ३०-३५ गुणांचा फरक नवलाचा नाही. बहुतेक बँका सिबिल बघतात, तेव्हा ७३१ धरून चाला. चौघींकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्यांच्याच संकेतस्थळावरून काढा. स्वतः कितीही वेळा बघितलात तरी गुण कमी होत नाहीत.

पासबुक:
वर सगळं बरोबर आहे, पण ७३१ चं दुसरं कारण प्रश्नातच दिसतंय: २ लाखांच्या मर्यादेवर ८० हजार, म्हणजे ४० टक्के वापर. ‘बिल पूर्ण भरतो, मग वापर शून्य’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. साधारणपणे स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी सिबिलसारख्या कंपन्यांना कळवली जाते. बिल नंतर पूर्ण भरलंत तरी नोंद ८० हजारांचीच होते. म्हणून स्टेटमेंटच्या दोन-तीन दिवस आधी ५०-६० हजार भरून टाका. खर्च तोच, पैसे तेच, फक्त तारीख अलीकडे. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा असा ठोकताळा आहे. अर्जाआधीची दोन-तीन स्टेटमेंटं त्याहून खाली ठेवलीत तर उत्तम.

याच कारणाने जुनं कार्ड बंद करू नका. आज एकूण मर्यादा ३ लाख आहे, म्हणून एकत्रित वापर २७ टक्क्यांच्या जवळ पडतो. बंद केलंत की तेच ८० हजार पुन्हा ४० टक्के. शिवाय जुन्या खात्याचं वयही कामी येतं. दोन-तीन महिन्यांतून एखादं छोटं बिल त्यावर भरा आणि लगेच फेडा. वार्षिक शुल्क लागत असेल तर बंद करण्याचा विचार कर्ज वाटप झाल्यावर.

आणि या चार महिन्यांत नवीन काही नको. ‘हप्त्यावर फोन’ म्हणून फायनान्स कंपनी देते तेही कर्जखातंच असतं, रिपोर्टला येतं.

व्याजदर:
मोटारीच्या हप्त्याकडे दोघांनीही दुर्लक्ष केलं. स्कोअरशी त्याचा फार संबंध नाही. वेळेवर भरताय तर तो चांगलाच दिसतो. पण कर्ज किती मिळणार हे तो ठरवतो. ढोबळमानाने सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत बँका मान्य करतात. ८.५ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे १२ हजारांचा हप्ता तुमची सुमारे १३ लाख ८० हजारांची पात्रता अडवून बसलाय. अर्जाच्या वेळी दहाच हप्ते उरतील. काही बँका एवढी कमी मुदत हिशेबात धरत नाहीत, तेव्हा आधी विचारा. धरत असतील तरच मुदतीआधी फेडा, तेही शुल्क किती ते बघून. हाताशी असलेले पैसे मार्जिनलाही (घराच्या किमतीतला तुमचा वाटा) लागणार आहेत. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. ५० लाख हवेत तर घर किमान साडेबासष्ट लाखांचं, साडेबारा लाख तुमचे, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्याच्या बाहेर.

स्कोअर वाढवण्याची खटपट कशासाठी, तेही आकड्यात बघा. रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडलेल्या दरात बँक स्वतःची भर घालते आणि ती भर स्कोअरच्या टप्प्यांनुसार बदलते. ५० लाखांवर २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये, ९ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला सुमारे १,६०० रुपये. दर तसेच राहिले असं धरलं तर पूर्ण मुदतीत ३ लाख ८० हजारांच्या वर. टप्पे बँकेगणिक वेगळे. एकीकडे ७५० ला दर उतरतो, दुसरीकडे त्यासाठी आणखी गुण लागतात. त्या-त्या बँकेचा तक्ता मागून घ्या, ७५० हा काही सरकारी आकडा नव्हे.

ताळमेळ:
आभार. सिबिलचा रिपोर्ट पूर्ण वाचला. मोटारीच्या कर्जात दोन महिन्यांपुढे ‘एक्सएक्सएक्स’ आहे, बाकी ‘०००’ (थकबाकी नाही). कार्डाच्या एका महिन्यात ‘०३०’, पण ते बिल भरल्याची पावती आहे. पत्नीच्या रिपोर्टमध्ये स्कोअरच नाही, ‘-१’ आहे.

जमाखर्च:
‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती कळवलीच गेली नाही. उशीर नव्हे, सोडून द्या. ‘०३०’ म्हणजे ३० दिवस थकलं, हे सोडू नका. पैसे जमा झाल्याची तारीख नीट बघा. कार्डाची थकबाकी देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त राहिली तरच ती कळवायची असा नियम आहे. पावतीवरची तारीख त्या आत असेल तर सिबिलच्या संकेतस्थळावर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका, शुल्क नाही, आणि त्याच दिवशी पावती जोडून कार्डाच्या बँकेलाही लिहा. सिबिल स्वतःहून खोडत नाही, बँकेने दुजोरा दिल्यावरच बदल होतो. मुदत ३० दिवस. त्यापुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

पत्नीची ‘-१’ म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही. वाईट स्कोअर आणि हे एकच नव्हे. केवळ इतिहास नाही म्हणून पहिलंच कर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. त्यांच्या नावावर घाईने कार्ड काढत बसू नका, चार महिन्यांत त्याचा उपयोग तुटपुंजा. मात्र त्या कुणाला जामीन असतील तर ते कर्ज त्यांच्या रिपोर्टला येतं, तेवढं विचारून घ्या.

पासबुक:
वेळापत्रक असं बसतं. या आठवड्यात ‘सेटल्ड’चं पत्र आणि ‘०३०’ची तक्रार. पैसे भरून झाले की दुरुस्ती दिसायला महिनाभर धरा; बँका आता निदान पंधरवड्याने माहिती पाठवतात, पूर्वीसारखी महिनाभर वाट बघावी लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कार्डाचा वापर खाली. अर्जाच्या आदल्या आठवड्यात ताजा रिपोर्ट काढून ‘क्लोज्ड’ झालंय का ते बघा, मगच फाइल द्या.

फाइल एजंटाकडे देणार असाल तर ‘मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करू नका’ (म्हणजे बँकेत अर्ज टाकू नका) असं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पाच बँकांत एकदम फाइल टाकली की रिपोर्टमध्ये बँकांच्या पाच चौकशा नोंदल्या जातात आणि सहाव्या बँकेला वाटतं, पाचांनी नाकारलंय. थोड्या दिवसांतल्या सगळ्या चौकशा एकच धरतात हे परदेशी लेखांतलं वाक्य आहे, त्यावर इथे विसंबू नका. दोन बँका निवडा, दर तोंडी विचारा, अर्ज एकीकडे.

ताळमेळ:
‘सेटल्ड’चा ईमेल आत्ताच पाठवला. उत्तरात त्यांनी १८,४०० वर व्याजही मागितलं तर?

जमाखर्च:
मागू शकतात. हिशेबाचा तक्ता मागवा, आणि सेटलमेंटचं जुनं पत्र शोधून ठेवा. त्यात सोडलेली रक्कम आकड्यात लिहिलेली असते, घासाघीस तिथूनच सुरू करा.