‘लाइन क्लिअर’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : बोलताना ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणजे रस्ता मोकळा आहे, आड येणारे कोणी नाही, असा अर्थ आपण घेतो. रेल्वेतली माणसे मात्र ‘लाइन क्लिअर घेतली’, ‘लाइन क्लिअर दिली’ असे म्हणतात. मोकळेपणा देता-घेता कसा येतो?

उत्तर : रेल्वेत ‘लाइन क्लिअर’ हे रुळांच्या स्थितीचे वर्णन नसून पुढच्या स्टेशनाने दिलेली संमती आहे, म्हणून ती मागता येते, देता येते आणि नाकारताही येते. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, हा मूळ नियम. तो पाळायचा तर मागच्या स्टेशनमास्तराने पुढच्याला विचारायला हवे, आणि आधीची गाडी शेवटच्या डब्यासह आत आली आहे व आपण समोरून कोणतीही गाडी सोडलेली नाही, याची खात्री करूनच पुढच्याने होकार द्यायला हवा. हा सवालजबाब गाडीच्या आधी पोहोचणे आवश्यक होते, आणि ते तारायंत्रामुळे शक्य झाले.

त्यापूर्वी सगळी भिस्त वेळापत्रकावर असे. समोरची गाडी रखडली, तर ठरलेल्या स्टेशनावर दुसरीने नुसते ताटकळत राहायचे. १८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ईरी रेल्वेचे अधिकारी चार्ल्स मिनट यांनी अशा खोळंब्यात पुढच्या स्टेशनाला तार करून समोरची गाडी तिथेच थांबवायला सांगितली आणि आपली गाडी पुढे काढली. तारेवर विश्वास ठेवायला चालक तयार नव्हता, म्हणून मिनट यांनीच इंजिन हाती घेतले आणि चालक धडकेच्या भीतीने मागच्या डब्यात जाऊन बसला, असे सांगतात. याचा आर्थिक अर्थ मोठा होता. दुसरा रूळ टाकण्याचा प्रचंड खर्च न करता त्याच मार्गावरून अधिक गाड्या जाऊ लागल्या, आणि इंजिने व मालडबे अडकून न पडता लवकर पुढच्या फेरीला मोकळे होऊ लागले. रेल्वेच्या विस्ताराचे श्रेय आपण वाफेला देतो. माझ्या मते त्यातला बराच वाटा तारेचा आहे.

शंका : होकार देणाराच चुकला तर?

उत्तर : तसे घडले आहे. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील नॉर्विचजवळ थॉर्प येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, कारण निरीक्षकाची सही होण्यापूर्वीच तारबाबूने संदेश पाठवून दिला होता. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी टोकनाचे, म्हणजे जी खूण हाती असल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नाही तिचे, यंत्र तयार केले आणि १८७८ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. दोन्ही स्टेशनांवरील यंत्रे तारेने जोडलेली असत आणि एक टोकन बाहेर असताना दुसरे निघतच नसे. त्यामुळे संमतीला हातात धरता येईल असे रूप मिळाले. आपल्याकडे चालकाला मिळणारा ‘गोळा’ हाही अशाच पद्धतीच्या यंत्रातून निघणारा.

तारेचा दुसरा परिणाम बाजारावर झाला, तो येथे थोडक्यात सांगतो. १८७० मध्ये वऱ्हाडातल्या खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा मिळाला आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव कळायला आगबोटीची वाट पाहण्याची गरज उरली नाही आणि माल कधी हलवायचा, हे ठरवण्याची रीतच पालटली.

वापराविषयी : ‘साहेबांनी लाइन क्लिअर दिली’ हा लाक्षणिक प्रयोग मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे, कारण त्यात देणारा आणि घेणारा दोघेही आहेत. ‘लाइन क्लिअर आहे’ हा रूढ प्रयोग चुकीचा ठरवण्याचे कारण नाही, पण त्यात संमतीची छटा उरलेली नाही. ‘क्रॉसिंग’, म्हणजे एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला स्टेशनात वाट देणे, या शब्दाशी असलेली जोड मात्र टिकून आहे. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी असल्यामुळे मध्येच गाडी थांबली की ‘क्रॉसिंग आहे’ असे प्रवासी सहज म्हणतात, आणि त्या थांब्याचा अर्थ एवढाच असतो की पुढच्या स्टेशनाने अद्याप लाइन क्लिअर दिलेली नाही.