लव्हबर्डचं पिल्लू बॉक्सबाहेर आलं आणि दुसऱ्या मादीने पायाचं बोट तोडलं

मानेवाड्याची_ताई:
मागच्या अंगणात ८ बाय ६ फुटांचा जाळीचा पिंजरा आहे, त्यात पीचफेस जातीच्या लव्हबर्डच्या चार जोड्या. अंडी घालायचे बॉक्सही चारच. एका जोडीला चार पिल्लं, सगळ्यात मोठं ३९ दिवसांचं. आज सकाळी दाणे टाकायला गेली तर ते खाली, पाण्याच्या भांड्यामागे कोपऱ्यात तोंड खुपसून बसून होतं. उजव्या पायाचं एक बोट अर्धं गेलेलं. शेजारच्या बॉक्सची हिरवी मादी तरीही त्याच्या अंगावर धावून जात होती. हातात घेतलं तर ओरडलंसुद्धा नाही, नुसतं थरथरत होतं. कापूस दाबून रक्त थांबवलं, घरात खोक्यात ठेवलं आहे. बाकीची तिघंही या आठवड्यात निघतील. चारही काढून हाताने भरवू का? मला नोकरी आहे, आणि आईबापापासून तोडायला मन होत नाही. हिरवीखाली अंडी आहेत, तिलाही हलवता येत नाही.

जुना_पिंजरेवाला:
ताई, बाप आहे ना, मग हाताने कशाला? बाहेर आलेल्या पिल्लांना पुढचे दोनेक आठवडे मुख्यतः बापच भरवतो, आई बहुतेक पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते. पिल्लू आजच परत द्या, उपाशी ठेवू नका.

बॉक्स हलवू नका, जागा बदलली की जोडी कधीकधी त्याच्याकडे फिरकतच नाही. बॉक्स आहे तिथेच ठेवून भोवती जाळीची आडभिंत घाला, आईबाप आणि पिल्लं आत. जाळी दुहेरी, मधे चार बोटं जागा सोडून. एकेरी जाळीला पिल्लू लटकलं की पलीकडची मादी त्यातूनही बोट धरते, माझ्याकडे दोन पिल्लं अशीच लंगडी झाली.

हिरवी तिचा बॉक्स राखते आहे. नव्या पिल्लाला आपलं दार ओळखता येत नाही, दिसेल त्या भोकात शिरतं. चार जोड्यांना सहा बॉक्स तरी पाहिजेत, सगळे एकाच उंचीवर, नाहीतर वरच्यासाठी मारामारी होतेच. पण हे आता करू नका, हिरवीची पिल्लं मोठी होऊ द्या.

पिल्लं दाणे टोचताना दिसली म्हणून लगेच वेगळी करू नका. नुसती फोलपटं उडवत असतात. संध्याकाळी गळ्याखालची थैली चाचपा, स्वतः खाऊन भरलेली लागली तरच काढा.

गोधनी_रोड:
आडभिंतीची बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका. मे महिन्यात इथे नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. पिल्लं चोच उघडी ठेवून, पंख फाकवून एकमेकांपासून लांब बसली तर बॉक्स तापला समजा. ओलं गोणपाट जाळीच्या बाहेरून टांगा, बॉक्सवर पाणी मारू नका. आणि तळ कच्चा आहे का? माझ्याकडे उंदीर माती पोखरून आला, एका रात्रीत तीन पिल्लं गेली. अर्ध्या इंचाची जाळी फूटभर खाली गाडली तेव्हा थांबलं.

बोट सुजलं किंवा काळं पडलं तर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा.

मानेवाड्याची_ताई:
दुपारी सुट्टी टाकली आणि दोघं मिळून जाळी ठोकली, पाच वाजले. तळ फरशीचा आहे, तेवढी काळजी नाही. पिल्लू आत सोडलं, अर्धा तास हललं नाही. मग बाप खाली उतरला, डोकं हलवत जवळ गेला आणि भरवायला लागला. आता अंधार पडायच्या आधी थैली बघितली, भरलेली आहे. हिरवी जाळीला येऊन लटकली होती, पोचू शकली नाही.