सोसायटीत घरी शिवणकाम केलं तर ते ‘कमर्शियल’ होतं का?

पिकोफॉल_पुणे:
सिंहगड रोडला आमचा स्वतःचा टू बीएचके आहे. मी आतल्या खोलीत ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, नवरा हॉलमध्ये बसून कंपनीचं काम करतो. आता सोसायटीची नोटीस आलीये, फ्लॅटचा कमर्शियल वापर बंद करा नाहीतर मेन्टेनन्स दुप्पट आणि वर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज पण लावू म्हणे. गंमत म्हणजे नवऱ्याच्या लॅपटॉपबद्दल नोटिशीत चकार शब्द नाही. बोर्ड नाही, जाहिरात नाही, बायका येतात, माप देऊन जातात. खरंच असा नियम आहे का?

लालफीत:
नॉन-ऑक्युपन्सी विसरा. ते फ्लॅट भाड्याने दिला तरच लागतं, तेही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच, तुम्ही स्वतः राहताय म्हटल्यावर विषयच नाही. आता वापराचं. मुंबई आणि काही भाग सोडले तर राज्यात डिसेंबर 2020 पासून युडीसीपीआर, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराची एकत्रित नियमावली, लागू आहे, त्यात रहिवासी झोनमध्ये घरच्या माणसांनी करायचे घरगुती व्यवसाय चालतात आणि उदाहरण म्हणून चक्क शिवणकाम-भरतकामच दिलंय! अटी एवढ्याच की पगारी माणूस ठेवायचा नाही आणि मोटर असेल तर एकूण लोड 1 एचपीच्या वर नको. घरगुती मशीनची मोटर किरकोळ असते, पण कारखान्यातलं टेबलवालं मशीन असेल तर मोटरवरची प्लेट वाचा, अर्ध्या एचपीच्या दोन झाल्या की कोटा संपला.

मीटर_रीडिंग:
वीजबिलावरून पण घाबरवतील. महावितरणच्या दरात घराच्या एका भागात धंदा असला तरी महिन्याला 300 युनिट आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत वापर असेल तर घरगुतीच दर लागतो. वर गेलात की मग कमर्शियल.

सेक्रेटरी_एकदाचा:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो, मी पण एका सोसायटीत सेक्रेटरी आहे. कायदा कुणी वाचत नाही हो, तक्रार येते ती रात्री 11 ला खालच्यांच्या डोक्यावर घर्रर्र वाजतं म्हणून आणि गेटात आडव्या लावलेल्या स्कूट्यांमुळे. मशीनच्या पायांखाली जाड रबराची मॅट टाका, मापाला यायची वेळ बांधून द्या, निम्मं भांडण तिथेच संपेल. बाकी दंड कमिटीला परस्पर लावता येत नाही, आधी नोटीस मग जनरल बॉडीत तुमचं ऐकून घ्यायचं आणि मग काय तो ठराव. लेखी उत्तर द्या, पोच घ्या, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो.

पिकोफॉल_पुणे:
थँक्यू सगळ्यांना! प्लेटा वाचल्या, एक साधं मशीन एक ओव्हरलॉक, बसतंय 1 एचपीत. पण लग्नसराईत एक मुलगी येते हातशिलाईला, तिला रोजाने पैसे देते. त्याने अडकेल का?

लालफीत:
हो ताई, तिथेच अडकेल. हुक लावणं, हेमिंग हे ती तिच्या घरी नेऊन करेल ना? नगावर पैसे द्या. आणि उत्तरात ‘कामाला कुणी नाही’ लिहिणार असाल तर ते आधी खरं करा मग लिहा.